गुडघ्याचा वार्षिक मुआयना

माझ्या नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याची प्रकृती उत्तम आहे, असं लखनौच्या गोमती नगरमधल्या एका हॉस्पिटलच्या संगणकात वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे. ती नोंद चुकीची आहे. चूक संगणकाची नाही, डॉक्टरांची नाही आणि नोंद घेणाऱ्या मुलीचीही नाही. तिला जे सांगितलं गेलं ते तिने प्रामाणिकपणे लिहिलं. सांगणारा माणूस माझ्या घरात राहतो आणि तो रेल्वेत इंजिनिअर आहे. तो रेल्वेतला आहे म्हणूनच ही चूक झाली, असं माझं ठाम मत आहे.

हे रुळांच्या खात्यातले. रुळांवरून ढकलत नेतात त्या ट्रॉलीवर बसून मैलोन् मैल रूळ, स्लीपर, त्यांखालची गिट्टी म्हणजे खडी तपासत जायचं, हे यांचं काम आणि यांचं सुखही. बदली होऊन आम्ही लखनौला आलो आणि लवकरच एका पाहणीत मागून गाडी येत असल्याचा इशारा झाला. ट्रॉली उचलून बाजूला घेताना यांचा पाय गिट्टीत अडकला आणि गुडघा पिळला गेला. सूज उतरली, दुखणं काही उतरलं नाही. तपासणीत कळलं, की मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिचा नाण्याएवढा तुकडा आतल्या बाजूने निखळला आहे. कूर्चा त्वचेसारखी आपण होऊन भरून येत नाही. गेली ती गेली.

डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो मला आवडला, कारण तो मला समजला. आधी दुर्बिणीतून, जिथे भार येत नाही अशा जागेवरून यांच्याच कूर्चेचा कणभर तुकडा काढायचा. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या. काही आठवड्यांनी गुडघा उघडून त्या वाढलेल्या पेशी खड्ड्यात बसवायच्या. म्हणजे विरजणासारखं. घरचंच थोडं घ्यायचं, पुरेसं होईपर्यंत थांबायचं.

मी हिशेब तपासणीच्या खात्यात नोकरी करते. मला कोणी "उत्तम निकाल आहेत" म्हटलं, की किती जणांपैकी आणि किती काळानंतर, हे दोन प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप निघतात.

डॉक्टर हसले. म्हणाले, "मॅडम, ईमानदारी की बात यह है कि बहुतों का घुटना दस साल बाद भी अच्छा चलता है. कुछ का दोबारा खोलना पड़ता है. किसका कौन सा होगा, यह आज नहीं बता सकता."

मग त्यांनी यांना उभं करून मागून, पुढून पाहिलं. यांचा पाय गुडघ्यात किंचित बाहेर वाकलेला होता. फार नाही, सीमेवरचा. असा पाय असला की भार आतल्या बाजूवर जास्त पडतो आणि नेमकी तिथेच नवी कूर्चा बसवायची होती. "अभी इसे छेड़ते नहीं, नज़र रखेंगे," ते म्हणाले. मग हिंदीतच बजावलं, "पण आतल्या बाजूला दुखायला लागलं तर मला लगेच सांगा. पाय सरळ करायचं ऑपरेशन आहे, त्याने ही कूर्चा वाचू शकते. मात्र कूर्चा शिल्लक असेतोवर. ती झिजून गेली तर मग पूर्ण गुडघाच बदलावा लागेल." आणि दरवर्षी तपासणीला यायला सांगितलं. "हम जो कुछ जानते हैं, आप ही लोगों के बताने से जानते हैं."

हे वाक्य मी ऐकलं. शेजारच्या खुर्चीवर बसून यांनीही ऐकलं असणार, असा माझा समज होता.

पहिली काही वर्षं खरोखरच चांगली गेली. कुबड्या सुटल्या, व्यायाम झाले, हे पुन्हा ट्रॉलीवर जाऊ लागले. तपासणीत गुण चढत गेले. दुखणं शून्य ते दहात किती, जिना कसा चढता, उकिडवं बसता येतं का, रात्री झोपमोड होते का, अशा प्रश्नांवरून ते गुण काढतात. तेव्हा यांनी दिलेली उत्तरं खरी होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग हळूहळू खुणा दिसू लागल्या. आमचं घर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे जिना चढताना प्रत्येक पायरीवर डावाच पाय आधी टाकू लागले. तेलीबागच्या बाजारात मी सब्जी घेत असताना स्कूटरला टेकून उभे राहू लागले आणि कोणी पाहिलं की मोबाइल काढू लागले. मोजे पलंगावर बसूनच घालू लागले. पावलं बदलतात ती आधी बायकोला ऐकू येतात.

"गुडघा दुखतोय," मी म्हटलं.

"छे. ऑफिसच्या खुर्चीने पाठ आखडलीय."

"पाठ आखडली म्हणून पाय कोण ओढतं?"

"अगं, तुला प्रत्येक गोष्टीत गफलतच दिसते. ऑडिटवाल्यांचा रोग आहे हा."

त्या वर्षी तपासणीची तारीख जवळ आली तशी घरात काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं. आठवडाभर आधी यांनी लाइनीवर जाणं थांबवलं. संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी. सकाळी पाय वर करून बसणं. तपासणीच्या दिवशी न्याहारीबरोबर दुखणं मारायची गोळी. मग इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट. हॉस्पिटलात हे असे चालले की मीही क्षणभर फसले.

रेल्वेत वर्षातून एकदा मोठे साहेब खास गाडीने येऊन सगळा विभाग पाहतात. त्याला इथे मुआयना म्हणतात. त्याच्या आधी महिनाभर काय चालतं ते मी रेल्वे कॉलनीत असताना पाहिलं आहे. दगडांना चुना लागतो, खांबांना रंग लागतो, गिट्टी कडेने दोरी धरल्यासारखी रचतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू फासतात. साहेब येतात, खूश होतात, जातात. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि गिट्टी पुन्हा घसरू लागते. आयुष्यभर हे केलेल्या माणसाने आपल्या गुडघ्याचंही तेच केलं होतं. डॉक्टर म्हणजे मोठे साहेब, तपासणी म्हणजे मुआयना, आणि मुआयन्याला काही वाईट दिसलं तर ती आपली नामुष्की.

डॉक्टरांनी विचारलं, "कहिए साहब, घुटना कैसा है?"

"फर्स्ट क्लास, सर! आपके हाथ का काम है."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. माझा उतरला. बाहेर आल्यावर मी गाडीत बसेपर्यंत गप्प राहिले आणि मग राहिले नाही.

"गोळी कशाला घेतलीत?"

"म्हणजे काय? त्यांच्यासमोर कण्हत बसू? बिचारे परिषदेत माझी केस दाखवतात. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचा फोटो पडद्यावर होता."

"मग आता पडद्यावर खोटा गुडघा दाखवतील."

मागच्या सीटवरून आमची मुलगी बोलली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. "आई, छोड़ो ना यार. पापा का घुटना नहीं, सेलिब्रिटी है."

हे हसले. दोघांचं हसणं एकदम आलं, की माझ्या रागाला घरात जागा उरत नाही.

असं एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. दर वर्षी झालं. दर वर्षी गोळी, पिशवी, पँट, फर्स्ट क्लास. आणि गुण इतके चांगले, की डॉक्टरांना उभ्याने पूर्ण पायाचा एक्स-रे काढायचं काही कारणच दिसेना. मी एकदा तो काढायचा का असं विचारलंही. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ज़रूरत क्या है? इनका स्कोर तो देखिए." मी तोंड उघडलं. यांनी टेबलाखालून माझ्या पावलावर बूट ठेवला. डाव्या पायाचा.

मी तेव्हा का बोलले नाही, असं कोणी विचारेल. नवऱ्याला त्याच्या डॉक्टरांसमोर खोटं पाडणं मला जमलं नाही, एवढंच.

पण माझ्या डोक्यात दुसराही एक हिशेब चालू असे आणि तो मला जास्त छळत असे. हॉस्पिटलच्या बाकांवर वाट पाहत असताना मी बघायची, कोण कोण येतं. लष्करातला एक जवान पहिल्या वर्षी यायचा, मग त्याची बदली झाली, मग दिसला नाही. त्याचा गुडघा कसा आहे कोणाला ठाऊक? ज्यांचं बिघडलं ते चिडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असणार. ज्यांचं अगदी उत्तम आहे त्यांना रजा टाकून येण्याचं कारण नाही. उरतात इथलेच, आणि त्यांतले किती जण घरून गोळी घेऊन येतात? या उपचाराचं दीर्घकाळात काय होतं हे ठरवायला जो आकडा काढतात, तो अशा लोकांच्या बोलण्यावर उभा असतो. आणि तो आकडा ऐकून उद्या एखादी कबड्डी खेळणारी मुलगी आपला गुडघा उघडायला हो म्हणणार. यांना मी हे सांगितलं.

"माझ्या एकट्याने काय फरक पडतो?" हे म्हणाले.

"हेच वाक्य तुमच्या कीमॅनने म्हटलं तर?" कीमॅन म्हणजे रोज लाइनीवरून चालत जाऊन रूळ पकडून ठेवणारी एकेक चावी, एकेक जोड बघणारा कामगार. "रूळ न बघता सगळं ठीक आहे म्हणाला तर काय कराल?"

"सस्पेंड करीन," हे ताबडतोब म्हणाले आणि मग पेपर वर घेतला.

खरं कारण मला नंतर कळलं. आम्ही दोघं चहा घेत होतो आणि मी पुन्हा तोच विषय काढला होता. हे एकदम म्हणाले, "ऑपरेशन झालं तर मेडिकल होईल. मेडिकल झालं तर मला लाइनीवरून काढतील. ड्रॉइंग ऑफिसात बसवतील. नकाशावरचे रूळ तपासत रिटायर होऊ का?"

रेल्वेत कामानुसार प्रकृतीची श्रेणी ठरलेली असते. श्रेणी उतरली की काम बदलतं. म्हणजे हे डॉक्टरांसाठी लपवत नव्हते, परिषदेसाठीही नाही. ट्रॉली जाऊ नये म्हणून गुडघा घालवत होते. मला दया यायला हवी होती. मला आला संताप. कारण हिशेब साधा होता. आज सांगितलं तर कदाचित लाइन जाईल. न सांगता कूर्चा झिजून गेली तर गुडघाही जाईल आणि लाइन तर नक्कीच जाईल. हे गणित यांच्यासारख्या माणसाला येत नाही यावर माझा विश्वास बसत नव्हता.

"यंदा बघू," हे म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे पुन्हा गोळी.

म्हणून यंदा मी स्वतः हॉस्पिटलात फोन केला. तारखा देणारी आणि प्रश्न विचारणारी ती मुलगी, फिजिओथेरपिस्ट, आम्हाला चांगली ओळखते. मी तिला सगळं सांगितलं. गोळी, पिशवी, लाइनीवरून घेतलेली सुट्टी, सगळं.

तिने यांची नोंद उघडली. मग म्हणाली, "मॅडम, सर तो हर बार कहते हैं कि बेटा, एकदम मक्खन है."

"मक्खन नाही, चुना आहे," मी म्हटलं आणि मग तिला हिंदीत समजावलं. "आप बस तारीख बदल दीजिए. शुक्रवार शाम. वो सीधे लाइन से लौटेंगे."

"यह तो सर के साथ धोखा हुआ."

"बेटा, रेलवे में इसे सरप्राइज़ चेकिंग कहते हैं. बुरा नहीं मानते."

तिने यांना फोन करून सांगितलं, की या वेळी शुक्रवार संध्याकाळचीच वेळ देता येईल. हे कोणाही मुलीला फोनवर नाही म्हणू शकत नाहीत. "हाँ हाँ बेटा, बिल्कुल, कोई बात नहीं," म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून, "शुक्रवारी मी लाइनीवर आहे. काय वेळ दिलीय!"

"मी स्टेशनवर गाडी घेऊन येते," मी म्हटलं.

शुक्रवारी हे ट्रॉलीवरून उतरून आले ते धुळीने भरलेले. दिवसभर गिट्टीत चालणं झालं होतं. गाडीत बसताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मी पाहिलं, यांनीही मी पाहिलं हे पाहिलं. आम्ही गोमती नगरच्या रहदारीत शिरलो. हे म्हणाले, "घरून जाऊ. कपडे बदलतो."

"उशीर होईल."

"पाच मिनिटं."

"त्या पाच मिनिटांत गोळी घ्याल."

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कहिए साहब?"

"फर्स्ट क्लास, सर," हे म्हणाले. पण आवाजाला रंग नव्हता.

डॉक्टरांनी यांचे बूट पाहिले, पँटवरची धूळ पाहिली. "ज़रा उकड़ू बैठिए."

हे बसले. म्हणजे खाली गेले. वर येताना टेबलाची कड धरली, डोळे घट्ट मिटले आणि मध्येच थांबले. ना वर, ना खाली. फिजिओथेरपिस्ट मुलीने पुढे होऊन हात दिला. तो धरून हे उठले आणि खुर्चीत बसले.

"कब से?" डॉक्टरांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे पाहिलं. या वेळी उत्तर माझ्याकडून जाणार नव्हतं.

"तीन-चार साल, सर."

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे दिसले. "साहब, मैं तो आपका नाम लेकर लोगों को समझाता रहा," एवढंच म्हणाले आणि एक्स-रेची चिठ्ठी लिहिली.

कमरेपासून घोट्यापर्यंत, उभं राहून काढलेला तो एक्स-रे पडद्यावर आला. डॉक्टरांनी खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली. ती रेघ गुडघ्याच्या मधून जायला हवी. ती चांगलीच आतून जात होती. यापुढे डॉक्टरांना काही समजावावंच लागलं नाही. रेघ ओढून होताच हे खुर्चीतून पुढे वाकले, चष्मा वर केला आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "सर, यह तो सारा लोड एक ही रेल पर जा रहा है."

"वही तो."

"इसमें तो रोज़ कटेगा. गाड़ी धीमी करने से कुछ नहीं होगा, लाइन ही सीधी करनी पड़ेगी." मग माझ्याकडे वळून, जणू मी आजपर्यंत अडवून धरलं होतं अशा सुरात, "हे इतकं स्पष्ट आहे, मग एक्स-रे आधी का नाही काढला?"

काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे त्यांना मान देणं.

पुढच्या तपासणीत दिसलं, की बसवलेली कूर्चा अजून जागेवर आहे, आतल्या कडेला पातळ झाली आहे. डॉक्टर म्हणाले की पाय सरळ करण्याला अजून अर्थ आहे. दोन वर्षांपूर्वी जास्त होता. नडगीचं हाड गुडघ्याखाली कापायचं, किंचित उघडायचं, पट्टी आणि स्क्रू लावून नव्या कोनात जुळू द्यायचं. किती वर्षं मिळतील? "मिल सकते हैं, अच्छे साल मिल सकते हैं. लिखकर नहीं दूँगा." मी वहीत काही लिहिलंही नाही. लिहिण्यासारखा आकडाच नव्हता.

निघताना मी एकच विचारलं. मागच्या वर्षांचे जे गुण नोंदले गेले आहेत, ते दुरुस्त होतील का?

डॉक्टरांनी मान हलवली. ज्या दिवशी जे सांगितलं गेलं ते त्या दिवसाचं. त्यावर आता शेरा देता येईल, पण गुण बदलता येणार नाहीत. मी हिशेबाची माणूस, मला हे पटतं. मागे जाऊन नोंद खोडायची नसते. पण त्याच नोंदीच्या बळावर दुसरं कोणी आपला पाय टेबलावर ठेवेल, हे मला अजून गिळवत नाही. शेरा लिहिला की नाही हे मी दोनदा फोन करून विचारलं. त्या मुलीने दुसऱ्या वेळी तो मला वाचून दाखवला.

ऑपरेशन झालं. हाड जुळलं. हे कुबड्यांवरून काठीवर आणि काठीवरून स्वतःच्या पायांवर आले. आतल्या बाजूचं दुखणं कमी आहे. गेलं आहे असं हे म्हणत नाहीत, आणि म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. कूर्चा किती टिकेल ते आज कोणी सांगू शकत नाही.

मग रेल्वेची वैद्यकीय तपासणी आली. त्या सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरातच राहिले, गोळ्यांच्या डब्याकडे फिरकले नाही. हे धुतलेल्या साध्या कपड्यांत गेले, दुपारी परत आले आणि सोफ्यावर बसले.

"सब बता दिया?" आमच्या मुलीने विचारलं.

"सगळं. गिट्टीत अर्ध्या तासाने पाय भरून येतो, तेही सांगितलं. ते तर कोणी विचारलंही नव्हतं."

"फिर?"

"फिर क्या. ड्रॉइंग ऑफिस."

ती जाऊन बापाच्या शेजारी बसली. मी पाणी आणून दिलं. यांनी ते घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचे कित्येक दिवस यांचं माझ्याशी बोलणं 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' इतकंच होतं. माझं गणित बरोबर ठरलं होतं आणि बरोबर ठरण्याचा मला काडीचाही फायदा नव्हता. उलट घरात ट्रॉली हरवलेला एक माणूस दिवसभर खिडकीशी उभा. त्याच्या पलीकडे तेलीबागकडून येणाऱ्या गाड्यांचा आवाज.

आता हे रोज दहा वाजता ऑफिसला जातात आणि नकाशांवरचे रूळ तपासतात. खालच्या लोकांनी पाठवलेल्या अहवालात कुठे 'समाधानकारक' लिहिलेलं दिसलं, की तो अहवाल परत पाठवतात. समाधानकारक म्हणजे किती मिलिमीटर ते लिहा, म्हणतात. त्यांच्या ऑफिसातला एक जण परवा घरी आला होता. चहा पिताना माझ्याकडे तक्रार करू लागला, "भाभीजी, साहब पहले ऐसे नहीं थे."

मी म्हटलं, "बिस्किट लीजिए."